४८६ मशीनसाठी लिनक्स कर्नेल: रिकाम्या कॉन्फिगपासून लॉगिनपर्यंत

इंटेलचा ४८६ प्रोसेसर १९८९ मध्ये आला. त्यावर लिनक्स आजही चालतं, पण एखाद्या डिस्ट्रोचा (डेबियनसारख्या तयार लिनक्स संचाचा) कर्नेल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा गाभा, तसाच उचलून चालत नाही. डेबियनच्या ३२ बिट आवृत्तीला २०१७ च्या स्ट्रेचपासून ६८६ वर्गाचा प्रोसेसर लागतो. असा कर्नेल ४८६ वर टाकला, तर ‘या कर्नेलला आय६८६ सीपीयू हवा, पण आय४८६ सापडला’ अशा अर्थाची ओळ येते आणि मशीन तिथेच थांबतं. म्हणून कर्नेल स्वतः बांधावा लागतो.

इथे नमुना म्हणून घेतलेलं मशीन असं: ४८६ डीएक्स२-६६, ३२ एमबी रॅम, आयसा आणि व्हीएलबी या जुन्या प्रकारच्या कार्ड-स्लॉटचा बोर्ड (नंतरचा पीसीआय नाही), आयडीई डिस्क किंवा तिच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड, एनई२००० जातीचं आयसा नेटवर्क कार्ड, साधं व्हीजीए कार्ड आणि किमान एक सिरियल पोर्ट. तुमच्याकडे पेंटियम असेल तर प्रोसेसर आणि डिस्क कंट्रोलरचे पर्याय बदलतील, बाकी पद्धत तीच.

आज्ञा आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टाइप करा. ‘आर्च’ हे नाव कॅपिटल अक्षरांत लागतं.

कोणता कर्नेल घ्यायचा

३८६ असेल तर ३.७ ही शेवटची आवृत्ती. २०१३ च्या ३.८ मध्ये ३८६ चा आधार काढला गेला. त्या प्रोसेसरमध्ये कंपेअर-एक्स्चेंज ही सूचना नाही आणि कर्नेल स्वतः लिहीत असताना मेमरीचं रीड-ओन्ली पान अडवण्याची सोयही नाही. या दोन उणिवांसाठी ठेवलेला वेगळा कोड सगळ्यांनाच जड झाला होता.

४८६ साठी ६.१२ ही दीर्घ मुदतीची मालिका घ्या आणि तिच्यातलीच नवनवी दुरुस्त आवृत्ती वापरत राहा. २०२५ मध्ये इंगो मोल्नार यांनी ४८६ आणि सुरुवातीच्या ५८६ प्रोसेसरांचा आधार काढण्याचे पॅच मांडले, त्यामुळे सर्वांत नव्या आवृत्तीमागे धावण्यात अर्थ नाही.

रॅम २० एमबीपेक्षा कमी असेल तर ६.१२ चालवायला फार ओढाताण होते. ८ एमबीच्या मशीनसाठी २.४ मालिकाच योग्य. तिची शेवटची आवृत्ती २.४.३७.११, डिसेंबर २०१० मधली. ती बांधायला मात्र त्या काळचा जीसीसी (सी भाषेचा कंपायलर) हवा, २.४ साठी २.९५.३ ची शिफारस होती. आजच्या जीसीसीने ती बांधता येत नाही.

मेन्यूआधी कॅबिनेट उघडा

कर्नेल कॉन्फिगर करण्याचं निम्मं काम म्हणजे मशीन ओळखणं. कर्नेलचे पर्याय निवडण्याच्या मेन्यूत विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं बोर्डवर छापलेली असतात.

सर्वांत आधी बॅटरी पाहा. त्या काळच्या पुष्कळ बोर्डांवर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळते, आणि गळलेला क्षार कीबोर्ड कंट्रोलरच्या आसपासचे ट्रॅक खातो. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर बॅटरी कापून काढा, जागा व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी होऊ द्या. हे न करता कर्नेल बांधायला बसलात, तर कीबोर्ड चालत नाही याचं कारण कॉन्फिगमध्ये शोधत राहाल आणि ते तिथे नसेल.

दुसरं काम जुन्या डिस्कची पूर्ण इमेज काढण्याचं. मशीन एखाद्या छापखान्यातून किंवा सरकारी कचेरीतून आलं असेल तर हे टाळूच नका. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड (भारतीय लिप्या दाखवणारं) बसवलेल्या अशा मशीनांवर इस्की या जुन्या भारतीय लिपी-संकेतातला मराठी मजकूर असतो आणि त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून ‘डीडीरेस्क्यू’ने इमेज घ्या. जिस्ट कार्ड बसवलेलं असेल तर ते काढून अँटिस्टॅटिक पिशवीत जपून ठेवा. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर नाही आणि स्लॉटमध्ये राहून ते पोर्टचे पत्ते अडवू शकतं.

आता कागदावर या नोंदी करा: प्रोसेसरवरचं पूर्ण नाव (डीएक्स की एसएक्स हे फार महत्त्वाचं), रॅम, प्रत्येक आयसा कार्डाचे जंपर, आयडीई कंट्रोलरच्या चिपवरचा क्रमांक आणि सिरियल पोर्टची चिप. व्यत्ययांचं, म्हणजे आयआरक्यूंचं, नेहमीचं वाटप असं असतं: ३ दुसऱ्या सिरियल पोर्टला, ४ पहिल्याला, ५ साउंड कार्डाला, ६ फ्लॉपीला, ७ प्रिंटर पोर्टला, १२ पीएस/२ माउसला, १३ गणित-सहप्रोसेसरला, १४ आणि १५ आयडीईला. मोकळे राहतात ९, १० आणि ११. नेटवर्क कार्ड यांपैकी एकावर हवं.

बायोसमध्ये ‘१५ ते १६ एमबी मेमरी होल’ असा पर्याय असेल तर तो बंद करा. टर्बो बटण चालू स्थितीत ठेवा. मग मेमटेस्ट८६प्लसची जुनी आवृत्ती फ्लॉपीवरून रात्रभर चालवा. खराब सिमवर (रॅमच्या पट्टीवर) कर्नेल दरवेळी वेगळ्याच ठिकाणी कोसळतो. कॉन्फिगची चूक असेल तर तो दरवेळी त्याच ठिकाणी थांबतो. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचा खूप वेळ वाचतो.

रिकाम्यापासून सुरुवात

डिस्ट्रोचं कॉन्फिग घेऊन त्यातले नको ते पर्याय काढत बसू नका. त्यात हजारो पर्याय चालू असतात, एकमेकांत गुंतलेले असतात, आणि प्रत्येक उरलेला पर्याय रॅम खातो. उलट दिशेने या: सगळं बंद, आणि आपल्या कागदावर जे आहे तेवढंच चालू. अशा कॉन्फिगमधली प्रत्येक ओळ का आहे हे तुम्हाला सांगता येतं, आणि काही बिघडलं की शोधायची जागा लहान असते.

बांधणी आजच्या वेगवान ६४ बिट लिनक्स मशीनवर करा. त्यावर जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन, बीसी आणि एनकर्सेसची डेव्हलपमेंट फाइल बसवलेली हवी. स्रोत उलगडून त्याच्या फोल्डरमध्ये:

मेक आर्च=आय३८६ टायनीकॉन्फिग
मेक आर्च=आय३८६ मेन्यूकॉन्फिग

पहिली आज्ञा जवळपास सगळं बंद असलेलं कॉन्फिग बनवते, दुसरी मेन्यू उघडते. ‘आर्च=आय३८६’ प्रत्येक आज्ञेत द्या. एकदा जरी विसरलात तर बांधणी ६४ बिटवर जाते आणि प्रोसेसरच्या यादीतून ४८६ गायब होतो. मेन्यूत तिरकी रेघ दाबली की पर्यायाचं नाव शोधता येतं. एखादा पर्याय दिसतच नसेल तर तिथे त्याची ‘डिपेंड्स ऑन’ ओळ वाचा. वरचा कुठला पर्याय बंद आहे ते तिथे कळतं.

‘जनरल सेटअप’मध्ये:

- ‘एक्स्पर्ट’ पर्याय चालू आहे याची खात्री करा. पुढचे काही पर्याय त्याशिवाय दिसत नाहीत.
- ‘प्रिंटके’ चालू. टायनीकॉन्फिगमध्ये तो बंद असतो आणि बंद राहिला तर पडद्यावर एकही ओळ उमटत नाही.
- ‘मल्टीयूजर’, ‘फ्युटेक्स’, ‘ईपोल’ आणि ‘पॉझिक्स टायमर्स’ चालू.
- स्वॅप चालू. ३२ एमबीवर तो हवाच.
- कर्नेल कॉम्प्रेशन: जीझिप. टायनीकॉन्फिग एक्सझेड निवडतं. त्याने फाइल लहान होते, पण ६६ मेगाहर्ट्झवर ती उलगडायला फारच वेळ लागतो आणि पाहणाऱ्याला मशीन अडकल्यासारखं वाटतं. कर्नेल १.४४ एमबीच्या फ्लॉपीत बसवायचाच असेल तरच एक्सझेड ठेवा.
- सुरुवातीचा रॅमडिस्क बंद. लागणारे ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतील, त्यामुळे त्याची गरज नाही.

‘एक्झिक्युटेबल फाइल फॉरमॅट्स’मध्ये ईएलएफ आणि स्क्रिप्ट हे दोन्ही चालू करा. स्क्रिप्टचा पर्याय राहिला तर इनिट (कर्नेल सुरू करतो तो पहिला प्रोग्राम) सुरू होतो, पण त्याच्या सुरुवातीच्या स्क्रिप्ट चालत नाहीत.

प्रोसेसर आणि तो एक पत्ता

‘प्रोसेसर टाइप अँड फीचर्स’मध्ये प्रोसेसर फॅमिली ‘४८६’ निवडा. एसएक्स असेल तर ‘४८६एसएक्स’ निवडा आणि त्यासोबत ‘मॅथ एम्युलेशन’ चालू करा. एसएक्समध्ये दशांश गणिताचा विभाग नाही. एम्युलेशन नसेल तर ‘एफपीयू सापडला नाही’ असं सांगून कर्नेल थांबतो. डीएक्सवर ते चालू ठेवणं म्हणजे निव्वळ रॅम वाया घालवणं.

बंद ठेवायचं ते असं: एसएमपी, लोकल एपिक, एमटीआरआर, हायमेम, पाहुण्या (आभासी) मशीनचा आधार, पत्त्यांचं यादृच्छिकीकरण, रिलोकेटेबल कर्नेल, आणि प्रोसेसरमधल्या सट्टा-अंमलबजावणीच्या त्रुटींवरचे सगळे उपाय. शेवटचे उपाय ज्या त्रुटींसाठी आहेत त्या ४८६ मध्ये असूच शकत नाहीत, कारण तो सूचना क्रमानेच पार पाडतो.

टायमरची वारंवारता १०० हर्ट्झ ठेवा. ६६ मेगाहर्ट्झवर १००० हर्ट्झ म्हणजे दोन ठोक्यांमध्ये फक्त ६६,००० चक्रं; त्यातली बरीचशी ठोका हाताळण्यातच जातात. १०० हर्ट्झला ६,६०,००० मिळतात. ४८६ मध्ये टीएससी हा चक्रमोजक नाही, वेळ जुन्या ८२५३ टायमरवरून घेतला जातो. त्यामुळे उच्च-अचूकतेचे टायमरही बंदच ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ‘फिजिकल अ‍ॅड्रेस व्हेअर द कर्नेल इज लोडेड’ या पर्यायाची मूळ किंमत आहे ०एक्स१००००००, म्हणजे बरोबर १६ एमबी. १६ एमबीच्या मशीनवर हा पत्ता अस्तित्वातच नाही. कर्नेल तिथे उलगडायला जातो आणि एक अक्षरही न लिहिता मशीन गोठतं किंवा रीसेट होतं. २० एमबीच्या मशीनवर त्याच्या वर फक्त ४ एमबी उरतात. ‘जुन्या मशीनवर नवा कर्नेल चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हा एकच आकडा असतो.

किंमत ०एक्स१००००० करा, म्हणजे १ एमबी. एवढ्याने भागत नाही. त्याखाली ‘अलाइनमेंट व्हॅल्यू’ असा पर्याय आहे, त्याची मूळ किंमत ०एक्स२०००००, म्हणजे २ एमबी. कर्नेलचा खरा पत्ता या संख्येच्या पटीत वर ढकलला जातो. पहिला पत्ता १ एमबी दिला आणि अलाइनमेंट २ एमबी राहिली, तर कर्नेल २ एमबीवरच बसतो. अलाइनमेंटही ०एक्स१००००० करा. ३२ एमबीच्या मशीनवर हा बदल न करताही कर्नेल चढेल, तरी करून ठेवा. उद्या त्यातली एक सिम गेली तरी तोच कर्नेल उपयोगी पडेल.

बस, डिस्क, फ्लॉपी

आयसा बस चालू, पीसीआय बंद, एसीपीआय बंद. ‘आयसा-स्टाइल डीएमए’ चालू ठेवा. तो बंद असेल तर फ्लॉपी ड्रायव्हरचा पर्याय मेन्यूतून नाहीसाच होतो आणि कारण कुठेही सांगितलं जात नाही. आयसा डीएमएला २४ पत्तारेषा असतात, म्हणून तो फक्त पहिल्या १६ एमबीपर्यंत पोचतो. त्यासाठीचा ‘झोन डीएमए’सुद्धा चालू असू द्या. कार्ड जंपरविना असेल तर ‘आयसा प्लग अँड प्ले’ जोडा, जंपरचं असेल तर नको.

जुना आयडीई ड्रायव्हरसंच ५.१४ मध्ये काढला गेला. आता सगळं लिबएटीएमधून जातं आणि इथे चार पायऱ्या आहेत; एकही सुटता कामा नये:

१. ब्लॉक लेयर.
२. ‘सिरियल एटीए अँड पॅरलल एटीए ड्रायव्हर्स’, त्यात ‘एटीए एसएफएफ’.
३. त्याखाली ‘लेगसी आयसा पाटा सपोर्ट’. व्हीएलबी किंवा आयसा आयडीई कार्डासाठी हाच ड्रायव्हर.
४. ‘स्कझी डिव्हाइस सपोर्ट’मध्ये ‘स्कझी डिस्क सपोर्ट’.

चौथी पायरी सर्वांत जास्त वेळा राहते. मशीनमध्ये स्कझी नाही म्हणून लोक ती सोडून देतात. पण लिबएटीए डिस्क स्कझीच्या थरातूनच दाखवतं, त्यामुळे डिस्कचं नाव ‘एचडीए’ नसून ‘एसडीए’ असतं. हा पर्याय नसेल तर लॉगमध्ये डिस्कचं नाव आणि आकार दिसतात, तरी रूट (मुख्य फाइल सिस्टिम) मात्र माउंट होत नाही.

लेगसी ड्रायव्हर अनोळखी कंट्रोलरवर बायोसने ठरवलेल्या वेगानेच चालतो. चिप क्यूडीआय किंवा होल्टेकची एचटी६५६०बी असेल, तर त्या नावाचे पॅरामीटर देऊन वेग वाढवता येतो. आधी साध्या वेगात सगळं चालू करा, पॅरामीटरकडे नंतर वळा. चुकीच्या वेगाने डिस्कवरचा डेटा बिघडू शकतो. पेंटियम बोर्डावर इंटेलचा पीआयआयएक्स असेल, तर पीसीआय चालू करून ‘एटीए पीआयआयएक्स’ घ्या. अगदी पहिल्या ८२३७१एफबी चिपला ‘ओल्ड पीआयआयएक्स’ लागतो.

फाइल सिस्टिम म्हणून एक्सटी२ पुरते. जर्नलचा भार नाही आणि कोड लहान. वीज गेली तर एफएससीके (डिस्क-तपासणी) लागेल, पण या मशीनवर डिस्कही लहानच असते. डॉसचं विभाजन वाचायचं असेल तर व्हीफॅट घ्या आणि त्यासोबत कोडपेज ४३७ व आयएसओ ८८५९-१ हे दोन तक्ते. ते नसतील तर ‘कोडपेज सापडलं नाही’ म्हणत माउंट नाकारलं जातं. याशिवाय प्रॉक, सिसएफएस, टीएमपीएफएस आणि देवटीएमपीएफएस चालू करा. देवटीएमपीएफएसखालचा आपोआप माउंट करण्याचा पर्यायही.

पडदा, कीबोर्ड, सिरियल

टीटीवाय, व्हर्च्युअल टर्मिनल, त्यावरचा कन्सोल आणि ‘व्हीजीए टेक्स्ट कन्सोल’. कीबोर्डसाठी दोन पर्याय लागतात: ‘एटी कीबोर्ड’ आणि ‘आय८०४२ कंट्रोलर’. पाच पिनांच्या जाड गोल जोडणीचा कीबोर्डही याच दोघांवर चालतो.

सिरियल पोर्टचा ‘८२५०’ ड्रायव्हर आणि त्यावरचा कन्सोल नक्की घ्या, शिवाय ‘अर्ली प्रिंटके’. नल मोडेम केबलने दुसरं मशीन जोडलं की पडदा सुरू होण्याआधीच्या ओळी वाचता येतात. चिप ८२५० किंवा १६४५० असेल तर तिला फिफो (अक्षरं साठवणारा बफर) नसतो, वेग ९६०० ठेवा. १६५५०ए असेल तर वेग वाढवायला हरकत नाही.

नेटवर्क कार्ड

‘टीसीपी/आयपी’, ‘युनिक्स सॉकेट’ आणि ‘पॅकेट सॉकेट’ घ्या. बिझीबॉक्सचा (नेहमीच्या लहान आज्ञांचा एकत्र संच) डीएचसीपी ग्राहक पॅकेट सॉकेटशिवाय पत्ता मागू शकत नाही. आयपीव्ही६ सोडा.

एनई२००० चा ड्रायव्हर ‘नॅशनल सेमिकंडक्टर ८३९०’ या गटात आहे, ३कॉमच्या ३सी५०९ चा ३कॉमच्या गटात. एनई२००० जातीची कार्डं सहसा पोर्ट ३०० हेक्सवर असतात आणि तिथून ३१एफपर्यंतची जागा घेतात. कित्येक कार्डं आयआरक्यू ३ वर ठेवलेली मिळतात. तिथे दुसऱ्या सिरियल पोर्टशी भांडण होतं. कार्ड दिसतं, पण एकही पॅकेट जात नाही. जंपरने ते १० वर न्या. जंपर नसलेल्या कार्डाची नोंद त्याच्या ईप्रॉममध्ये असते आणि ती डॉसच्या युटिलिटीने बदलावी लागते: आरटीएल८०१९ साठी आरसेट८०१९, ३सी५०९ साठी ३सी५एक्स९सीएफजी. म्हणून डॉसची एक बूट फ्लॉपी हाताशी असू द्या.

हा एक ड्रायव्हर सुरुवातीला मॉड्यूल (हवा तेव्हा चढवता येणारा वेगळा तुकडा) म्हणून बांधणं सोयीचं. आकडे चुकले तर मशीन पुन्हा सुरू न करता दुसरे देऊन पाहता येतात:

मॉडप्रोब एनई आयओ=०एक्स३०० आयआरक्यू=१०

आयओ द्यावाच लागतो. आकडे पक्के झाले की ड्रायव्हर कर्नेलमध्ये घ्या, मॉड्यूलचा आधार बंद करून रॅम वाचवा आणि बूट ओळीत ‘नेटडेव्ह=१०,०एक्स३००,ईटीएच०’ लिहा. क्रम आधी आयआरक्यू, मग पोर्ट. उलटा दिला तर कार्ड सापडत नाही.

बांधणी आणि चाचणी

मेक आर्च=आय३८६ -जे४ बीझेडइमेज

फाइल आर्च/एक्स८६/बूट या फोल्डरमध्ये मिळते. मॉड्यूल ठेवली असतील तर ‘मेक आर्च=आय३८६ मॉड्यूल्स’ वेगळं चालवा. ‘साइझ व्हीएमलिनक्स’ या आज्ञेने रॅममध्ये जाणारा खरा आकार दिसतो. दाबलेल्या फाइलच्या आकारावरून त्याचा अंदाज येत नाही. प्रत्येक नवा पर्याय जोडल्यावर हा आकडा पाहायची सवय ठेवा.

खऱ्या मशीनवर नेण्याआधी क्यूएमू या एम्युलेटरवर पाहा. ‘-मशीन आयसापीसी -सीपीयू ४८६ -एम ३२’ असं दिलं की पीसीआय नसलेलं ४८६ मशीन उभं राहतं. त्यात बूट फ्लॉपीची आणि डिस्कची इमेज द्या. तिथलं एनई२००० कार्ड पोर्ट ३०० आणि आयआरक्यू ९ वर असतं. रॅम १६ वर आणून पाहिलीत तर पत्त्याचा बदल लागू झाला की नाही हेही तिथेच कळतं. मात्र ४८६ ला न समजणारी प्रत्येक सूचना क्यूएमू अडवत नाही, त्यामुळे तिथे चाललं म्हणजे खऱ्या चिपवर चालेलच असं नाही.

बूटलोडर म्हणून सिसलिनक्स किंवा लायलो वापरा. जुन्या बायोसला १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर एवढंच दिसतं, म्हणजे सुमारे ५०४ एमबी. कर्नेल असलेलं विभाजन त्या हद्दीत ठेवा. बाकी डिस्क लिनक्सला बायोसविना दिसते. बूट ओळ:

रूट=/देव/एसडीए१ रूटवेट कन्सोल=टीटीवायएस०,९६०० कन्सोल=टीटीवाय०

शेवटी दिलेला कन्सोल मुख्य ठरतो.

वरची प्रणाली

कर्नेल ४८६ चा आणि प्रोग्राम ६८६ चे, अशी जोडी चालत नाही. आजच्या डिस्ट्रोंचे ३२ बिट प्रोग्राम सीमूव्ह सूचना वापरतात; शिवाय बऱ्याच ठिकाणी प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी ‘एंडबीआर३२’ असतं, जे ६८६ च्या आधीच्या प्रोसेसरना कळत नाही. स्वतःचा प्रोग्राम ‘-मार्च=आय४८६’ देऊन बांधला तरी डिस्ट्रोची लिबसी आणि लिबजीसीसी या मूळ लायब्ररी त्याला जोडल्या जातात आणि त्या ६८६ च्याच असतात. म्हणून पूर्ण टूलचेन (कंपायलर आणि लायब्ररींचा संच) वेगळी हवी. बिल्डरूटमध्ये लक्ष्य ‘आय३८६’, प्रकार ‘आय४८६’, लायब्ररी मसल आणि बिझीबॉक्स असं निवडलं की रूट फाइल सिस्टिम तयार मिळते.

अडलं तर

काहीही न उमटता रीसेट किंवा गोठणं: पत्ता आणि अलाइनमेंट पाहा. ‘बूटिंग द कर्नेल’ उमटून पुढे शांत: प्रिंटके किंवा व्हीजीए कन्सोल राहिला, किंवा प्रोसेसर फॅमिली चुकली. अशा वेळी ‘अर्लीप्रिंटके=सिरियल,टीटीवायएस०,९६००’ देऊन सिरियलवर पाहा.

‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’ ही ओळ आली तर कंसातले आकडे वाचा. (०,०) असेल तर डिस्कच सापडली नाही; बूट ओळीत ‘रूटवेट’ असेल तर ही ओळ न येता कर्नेल डिस्कची वाट पाहत थांबून राहतो. वरच्या चार पायऱ्या तपासा. (८,१) असेल तर डिस्क आणि विभाजन सापडलं आहे, फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर नाही.

इनिट उणे ८ त्रुटी देऊन पडला तर फाइलचा प्रकार कळला नाही. ईएलएफचा पर्याय राहिला किंवा फाइल ६४ बिटची आहे. उणे २ म्हणजे फाइल किंवा तिला लागणारी लायब्ररी जागेवर नाही. ‘अटेम्प्टेड टू किल इनिट’च्या पुढे एक्झिटकोड ०एक्स०००००००४ असेल तर प्रोसेसरला न कळणारी सूचना आली, म्हणजे प्रोग्राम नव्या प्रोसेसरसाठी बांधलेले आहेत. शेवटी बी असेल तर चुकीच्या पत्त्याला हात लागला. इथे आधी रॅमचा संशय घ्या.

रॅम कमी दिसत असेल तर तो बायोसचा प्रश्न. या काळच्या बायोसला मेमरीचा सविस्तर नकाशा देता येत नाही, कर्नेल जुन्या पद्धतीने विचारतो आणि काही बोर्ड अपुरं उत्तर देतात. बूट ओळीत ‘मेममॅप=एक्झॅक्टमॅप’ देऊन त्यापुढे खालचे ६४० केबी आणि १ एमबीच्या वरचा भाग हाताने सांगा.

सगळं चालतं पण फार मंद वाटतं, तेव्हा लॉगमधला बोगोमिप्सचा (कर्नेलने मोजलेला वेगाचा ढोबळ अंदाज) आकडा पाहा. डीएक्स२-६६ वर तो ३३ च्या आसपास येतो. खूप कमी असेल तर टर्बो बंद आहे किंवा बायोसमध्ये कॅश बंद आहे. पेंटियम मशीनवर आणखी एक कारण असतं: इंटेलचे ४३०एफएक्स, ४३०व्हीएक्स आणि ४३०टीएक्स चिपसेट पहिले ६४ एमबीच कॅश करतात. तिथे जास्त रॅम घालून मशीन मंदावतं; ‘मेम=६४एम’ देऊन फरक तपासा.

चालू झालेलं कॉन्फिग ‘मेक आर्च=आय३८६ सेव्हडेफकॉन्फिग’ने छोट्या फाइलमध्ये साठवा आणि मशीनच्या नोंदींच्या कागदासोबत ठेवा. ६.१२ ची पुढची दुरुस्त आवृत्ती आली की तीच फाइल ‘डॉटकॉन्फिग’ या नावाने ठेवून ‘मेक आर्च=आय३८६ ओल्डडेफकॉन्फिग’ चालवा, आणि बांधण्याआधी लोडचा पत्ता व अलाइनमेंट दोन्ही ०एक्स१००००० वरच आहेत हे पाहून घ्या.